परीला दिलेली आठवण

द्वारका, जानेवारीतला रविवार, संध्याकाळ

आज मित्राच्या, निखिलच्या घरी पुन्हा तो एकेक पात्र होऊन, फासे टाकून खेळायचा खेळ मांडला. मी जादूगार, माझी धाकटी बहीण मुक्ता परी. नियम असा, की जादूगाराला परीची मदत हवी असेल तर स्वतःची एक आठवण तिला द्यावी लागते. दिली की ती परीची झाली, जादूगार ती कायमची विसरतो. खेळ चालवणारा निखिल म्हणाला, "कुठलीही बनव यार."

मला बनवता आली नाही. का कोण जाणे, खरीच सांगून टाकली. सरोजिनी नगरच्या क्वार्टरची गच्ची, थंडीतलं ऊन, आई संत्रं सोलतेय. साल दाबून ती माझ्या डोळ्यांत रस उडवायची आणि स्वतःच खूप हसायची.

मुक्ताने फासे खाली ठेवले. आई गेली तेव्हा ती दोन वर्षांची होती. आईबद्दल आम्ही दोघी बोलतच नाही. तिला काही आठवत नाही, तर उगाच कशाला दुखवा, असं मला वाटायचं. की ते संत्रं मला माझ्या एकटीसाठीच ठेवायचं होतं?

"ताई, मी कुठे होते तेव्हा?" परीचा आवाज काढायचं ती विसरली होती.

"आईच्या मांडीवर. तुला फोडी भरवायची ती. रस हनुवटीवरून गळायचा तुझ्या."

"मी होते तिथे?"

"होतीस ना."

निखिलने खेळ थांबवला. मुक्ताचा हात नकळत हनुवटीवर गेला, आणि बराच वेळ तिथेच राहिला.