सोळा पानांची शेळी

मुरुड, ता. ३ जून २०२४

चि. सुकन्यास, अनेक आशीर्वाद.

इकडं सर्व ठीक. आईचे गुडघे तेवढे दुखून राहिलेत. फोनवर बोललो असतो, पण ती शेजारीच बसलेली असते, म्हणून पत्र.

तुझं ‘चांदी’ हे सोळा पानांचं चित्रांचं पुस्तक शाळांत गेलं, बरं वाटलं. आता प्रकाशकानं त्याचीच दोनशे पानांची कादंबरी मागितली म्हणतेस. एक शेळी करडाला घेऊन घर सोडते, निळ्या दाराच्या घरी राहते आणि परत येते. यात दोनशे पानं कशानं भरणार? वरून तू आपल्या म्हाताऱ्या सिद्रामप्पा गुरुजींना फोन करून विचारलंस, सत्त्याऐंशी साली आमच्या घरी काय झालं होतं म्हणून. शेळीच्या गोष्टीला घरची चौकशी कशाला लागते? मला यात लबाडी दिसते. गुरुजींना पुन्हा फोन करू नकोस.

माया आहे तशीच ठेव.
तुझा दादा, वैजनाथ

विष्णुपुरी, नांदेड, ता. १० जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

ही शेळी मी मनानं रचली असंच मला वाटायचं. चित्रांच्या पुस्तकात ‘चांदी गेली’ एवढं वाक्य पुरलं. कादंबरीत ती का गेली ते सांगावं लागतं, आणि तिथंच माझं अडून राहिलंय. गेल्या महिन्यात माझी चित्रकार मैत्रीण उमैमा म्हणाली, दाराचा निळा रंग तू मला तीनदा बदलायला लावलास, म्हणजे ते दार तू पाहिलेलं आहेस. तेव्हापासून मला शिलाई मशीनचा आवाज आठवतोय, आणि माझ्या केसांना तेल लावणारी एक बाई. तिला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. आपल्याकडं तर मशीन कधीच नव्हती.

आईला विचारलं की ती फोन ठेवते. ट्रंकेतले फोटो मागितले तर तू किल्ली हरवली म्हणतोस. दिवाळीत त्याच ट्रंकेतून माझा शाळेचा दाखला काढून दिलास की. दादा, तू काय लपवतोस?

वहिनींची शेंगाची चटणी संपली. पाठवलीस तर रागावला नाहीस असं समजेन.

तुझ्या लोभातली,
सुकन्या

मुरुड, ता. १७ जून

चि. सुकन्यास, आशीर्वाद.

चटणी पाठवतो. राग आहेच.

एकदाच लिहितो, पुन्हा विचारू नकोस. आई घर सोडून मुखेडला गेली होती. पाच महिने अमीरबी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईकडं राहिली. तू चार वर्षांची, तुला कडेवर घेऊन गेली. मी नऊ वर्षांचा, मला ठेवून गेली. आजोबा म्हणायचे, तिला तू नकोच होतास, एकदा बघायलासुद्धा आली न्हाई.

तुझं पुस्तक तुझ्या भाचीनं, वर्षाराणीनं मला वाचून दाखवलं. शेळीला करडू एकच. लेकीसमोर मी ताटावरून उठलो. आता दोनशे पानांत तू आईला थोर करणार आणि मी त्यात कुठंच नसणार. ती हाय तोवर हे छापू नकोस.

वैजनाथ

मुरुड, ता. २५ जून

चि. सुकन्यास, अनेक आशीर्वाद.

वैजनाथनं मागचं पत्र पोस्टात टाकायला वर्षाराणीजवळ दिलं होतं. मला संशय आला. मी ते तिच्याकडून घेतलं, वाचलं आणि पुन्हा चिकटवून पाठवलं.

मला मास्तरीण व्हायचं होतं. डी.एड.ला नंबर लागला तेव्हा आजोबांनी तो कागद चुलीत घातला आणि तुझे वडील बघत राहिले. मी दोघांनाही घेऊन निघणार होते. आजोबांनी वैजनाथला शाळेतून परस्पर शेतावर नेलं. नंतर त्याला न्यायला मी दोनदा आले, मुखेडहून एसटीनं, लातूरला गाडी बदलून. दोन्ही वेळा आजोबा म्हणाले, पोरगं तुझ्याकडं यायला तयार न्हाई. मी ते खरं मानलं. पुढं त्याला विषमज्वर झाल्याचं कळलं आणि मी कायमची परत आले.

त्याला काय सांगितलं होतं ते मला आता कळलं. तोंडानं सांगायला गेले तर म्हणेल, आई रचून सांगते. म्हणून हे पत्र पोस्टात टाकायला त्याच्याजवळच देते. पाकीट चिकटवणार नाही.

तू लिही. जिवाला जप.
तुझी आई, विठाबाई

ता. २८ जून

चि. सुकन्यास,

आईच्याच कागदाच्या मागं लिहितोय. पाकीट उघडं होतं, वाचलं. आधी वाटलं, तुम्ही मायलेकींनी ठरवून केलं. म्हणून सिद्रामप्पा गुरुजींकडं गेलो. त्यांनी मला आत बोलावून बसवलं. मग म्हणाले, तुझी आई दोन्ही वेळा तुझी वाट बघत शाळेच्या व्हरांड्यात दुपारभर बसून होती, पाणी मीच दिलं होतं; तुला त्या दिवशी शाळेत पाठवलंच नव्हतं. तुझ्या आजोबांच्या धाकानं बोललो नाही.

घरी आलो तर आई भाकरी करत होती. मी जवळ बसलो. तिनं ताट पुढं केलं आणि गरम आहे तोवर खा म्हणाली. जेवता जेवता मी विचारलं, अमीरबी हयात आहेत का. तिला ठाऊक नव्हतं. सोमवारी आम्ही दोघं मुखेडला जाणार आहोत. तू नांदेडहून ये.

कादंबरीत माझं नाव बदलू नकोस.

दादा