अकलोलीच्या गरम पाण्यात भिजलेल्या बॅगा

नारपोली, भिवंडी

तीर्थरूप केसरीनाथमामांच्या पायांवर, भट्टीपासून सुरक्षित अंतर राखून, भाचा अनंता याचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? मामीची शुगर ताब्यात आहे ना? भजीचा धंदा पूर्वीसारखा चालू लागला का? (हा शेवटचा प्रश्न खोचक वाटेल, पण मनापासून आहे.) फोनच करणार होतो. मात्र माझ्या नंबरावरून केला की तुमचा फोन बंद असतो आणि मावशीच्या नंबरावरून केला की पहिल्या रिंगला उचलला जातो, तेव्हा बिघाड फोनमध्ये नसावा. म्हणून हे पत्र अकलोलीच्या रिक्षावाल्याबरोबर पाठवतोय. फाडायचं असेल तर वाचून फाडा.

त्या दिवशी नक्की काय झालं हे गावात तुम्हाला पन्नास जणांनी सांगितलं असेल, पण ते सगळे बाहेर उभे होते. आत मी होतो. तर मुळापासून सांगतो. पडघ्याच्या गोदामातलं काम तुम्ही ओळख काढून लावून दिलंत आणि मी ते सोडलं, तो विषय आज नको. (तिथे दिवसभर खोक्यांवर चिकटपट्टी लावायची. खोक्यात काय आहे विचारलं तर सुपरवायझर म्हणाला, तुला काय करायचंय. मला तेच तर करायचं होतं.) मग फिरत फिरत नारपोलीला आलो. एका गल्लीत लूमचा खडखडाट, आणि त्याच्या शेजारी खलीलचाचांचं दुकान. चाचा इथलेच, कोकणी घराणं. आयुष्यभर त्यांनी लूमना लागणारे चामड्याचे पट्टे कापले. मग नायलॉनचे पट्टे आले आणि चाचा पंख्याखाली बसून नायलॉनला शिव्या देऊ लागले. त्यांची मुलगी मेहविश हुशार. तिने त्याच चामड्याच्या बॅगा शिवून घेऊन मोबाईलवरून विकायला काढल्या. मी नुसता चहा प्यायला उभा राहिलो होतो, मामा, आणि अजून इथेच आहे. एवढा वेळ मी आजवर कुठे टिकलोय?

हे काम भारी आहे. आरीने भोकं पाडायची, दोन सुया समोरासमोरून घालून मेणदोरा ओढायचा, आणि सगळ्यांत वर रापी. रापी म्हणजे चामडं कापायची पसरट सुरी, इतकी धार की केस नुसता तिच्याकडे बघून तुटतो. तिचे कायदे आहेत. रापी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात नाही. ती फळीवर ठेवायची, दुसऱ्याने तिथून उचलायची. कापताना डावा हात पात्याच्या मागे. रापी पडली तर झेलायची नाही, पाय मागे घ्यायचे. आणि बोथट रापी धारदार रापीपेक्षा वाईट, कारण बोथट रापीवर माणूस जोर लावतो आणि मग ती तिला वाटेल तिकडे जाते. (चाचा म्हणतात, "अनंता, तू भी वैसाच है.") हे सगळं मी इतकं काटेकोर पाळतो की माझ्या हातांवर ओरखडासुद्धा नाही.

आता मुद्दा. पुण्याच्या एका दुकानाने बॅगा मागवल्या आणि सांगितलं, नव्या दिसायला नकोत. रांगड्या हव्यात, सुरकुतलेल्या, वीस वर्षं कुणाच्या तरी खांद्यावर लटकल्यासारख्या. चाचा नायलॉन सोडून पुण्याला शिव्या देऊ लागले. "जिंदगीभर माल सफाईने काढला," म्हणाले, "आता बोलतात खराब करून दे. खराब करायला माझी काय गरज? अनंता आहे ना!" हे त्यांनी रागात म्हटलं, पण मी ते कामाची वाटणी म्हणून ऐकलं. विचार केला, आपल्या मामांच्या गावात गरम पाणी फुकट वाहतंय. माणसं त्यात बसून उठली की कशी सुरकुतलेली निघतात! तर चामडं का नाही निघणार? कापून ठेवलेले सगळे तुकडे कुणाला न विचारता गोणीत भरले आणि बाइकवरून थेट अकलोली.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मी अंघोळीच्या गरम कुंडात काही बुडवलं नाही. खाली जिथे पाणी वाहून जातं त्या पाटात बुडवलं. वर तुळशीरामबुवा अंघोळ करत होते आणि त्यांनीच "याने जनावर आणलं!" अशी बोंब ठोकली. जनावर कधीच गेलंय, उरलंय ते नुसतं चामडं, हे मी त्यांना समजावत बसलो आणि तिथेच उशीर झाला. चामडं ओलंचिंब, ऊन उतरलेलं, म्हणून वाळवायला तुमच्या भट्टीवर तारेला टांगलं. तुम्ही मागे बेसन कालवत होतात. पुढचं तुम्हाला माहीत आहे: तो वास, ती बसभर आलेली गिऱ्हाइकं, आणि त्या नाशिकच्या बाईंनी अर्धं भजं परत ताटलीत ठेवून विचारलेलं, "हे कांद्याचंच आहे ना?" आणि मग सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं, आणि तुम्ही झारा हातात धरून मोठ्याने म्हणालात, "ह्यो माझा कोन न्हाय. मी याला वलखत न्हाय."

मामा, माझी आई तुमची सख्खी बहीण. मी तिच्यासारखाच दिसतो. नाक तर तुमचंच आहे.

असो. चामडं आक्रसून पापडासारखं कडक झालं. बॅगेचा तुकडा पाकिटाएवढा. चाचांनी तो फळीवर आपटला, आवाज लाकडाचा आला. मला वाटलं, आता मी जातो. पण चाचांनी तो कडक तुकडा कानाशी वाजवला, कापला, शिवला आणि त्यातून रापीची म्यानं केली. म्हणतात अशी म्यानं बाजारात मिळत नाहीत. (बघा, म्हणजे मी शोधच लावला.) पुण्याच्या बॅगा मेहविशने पुन्हा कापल्या आणि दुकानदाराला सांगितलं की रांगडेपणा वापरणाऱ्याने स्वतः आणायचा असतो. त्याने ते वाक्य बॅगांच्या चिठ्ठीवर छापूनच घेतलं.

कळावे. मामीला नमस्कार. तुळशीरामबुवांना नको.

तुमचा (तुम्ही काहीही म्हणा),
अनंता

ता. क. : एक बारीकसं काम होतं. चाचांकडे शिकाऊ माणसाला स्वतःची रापी मिळते, पण घरचं मोठं माणूस येऊन समोर बसल्याशिवाय नाही. त्यांचं म्हणणं, याचं बोट गेलं तर माझ्या दारात येऊन कोण ओरडणार, ते तोंड मला आधी बघून ठेवू दे. अकलोलीनंतर तर त्यांनी दुकानातल्या रापीलाही हात लावू दिलेला नाही. नुसता दोऱ्याला मेण चोळतोय. बाबांना आणलं तर ते इथे स्वतःसाठीच नोकरी मागतील. तेव्हा शुक्रवारी दुपारी, नमाजानंतर, तुम्ही यायचं. जास्त बोलू नका. "हा माझा भाचा" एवढं म्हणा. मला हे एकच काम सोडावंसं वाटलेलं नाही.

ता. क. दुसरा : येताना भजी आणू नका.

ता. क. तिसरा : मामा, सलाम. मी मेहविश, खलीलचाचांची मुलगी. हे सगळं पत्र अनंताने सांगितलं आणि मी लिहिलं, कारण त्याचा उजवा हात पट्टीत आहे. काल अब्बांची पाठ फिरल्यावर याने डाव्याच हाताने रापी उचलली आणि तिच्याने फरसाणाची पिशवी कापायला गेला. चार टाके. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, सोबत घरचं कोण आहे? अब्बा उठून उभे राहिले आणि म्हणाले, मी. तेव्हापासून ते याच्यावर रागावलेत आणि याची रापी स्वतः घासून धार लावून ठेवतायत. पण ती द्यायची म्हणजे रीत पाळायला हवी, तुम्ही यायला हवं. भजी जरूर आणा, अब्बांना कांद्याची आवडतात. मी हे लिहितेय हे याला माहीत नाही. तो अजून समोर बसून सांगतोच आहे. त्याचं सांगणं लिहून घ्यायचं मी मघाशीच थांबवलंय.