मावशीच्या घरी निघालेला देव

प्रिय मावशी,

आज रथ ओढून आले. हाताचे तळवे अजून लाल आहेत, तरी लिहायला बसले. तुला जाऊन वर्ष झालेलं नाही. तरीही मी दोराला हात लावला, हे तुला माझ्याकडूनच कळलेलं बरं.

आई गेल्यावर मी नायगावच्या चाळीत तुझ्याकडे राहायला आले. त्याच आषाढात तू मला मंडळाचा रथ दाखवलास. आत तिघं होते, जगन्नाथ, बलभद्र आणि मधे बहीण सुभद्रा. देवांना नीट हात का नाहीत, असं मी विचारलं, तेव्हा तू पुरीची गोष्ट सांगितलीस. मूर्ती पुऱ्या होईपर्यंत दार उघडू नकोस, असं म्हाताऱ्या सुताराने राजाला बजावलं होतं. आतला आवाज थांबला आणि राजाला राहवलं नाही. दार उघडलं तर सुतार गायब, मूर्ती अर्धवट. राजाने त्या तशाच पुजल्या.

"देवाक हात नाय गो बाय, म्हणान दोर आपण ओढूचो," तू म्हणालीस.

"पण देव चाललेत कुठे?"

"मावशीच्या घराक."

देवसुद्धा दर वर्षी मावशीकडे राहायला जातो, हे ऐकून मला काय वाटलं असेल, तुला कळलं होतं ना? आईविना पोर मावशीकडे वाढते यात कमीपणा नाही, हे तू मला असं सांगितलंस.

तुझी एक गोष्ट मात्र मला कधी पटली नाही. काका गेले त्या वर्षी रथ चाळीखाली थांबला आणि तू गॅलरीतूनच हात जोडलेस. पुढेही कधी खाली उतरली नाहीस. "तुला कुणी नको म्हटलं का?" मी विचारलं होतं.

"कोणी कित्याक सांगाक व्हया?" एवढंच बोललीस.

ज्यांना देवळापर्यंत जाता येत नाही त्यांच्यासाठी देव रस्त्यावर येतो, हे मला तूच शिकवलंस. मग त्यातून स्वतःलाच कसं वगळलंस गं?

आज सकाळी मंडळाचे अध्यक्ष तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुजाता, तुमच्याकडे यंदा सण नाही ना? लांबूनच दर्शन घे." मायेनेच म्हणाले. मीही आवाज चढवला नाही.

"तात्या, घरी सण नाहीच. पण देव मावशीकडे निघालाय आणि माझी मावशी आता नाही. त्याला पोचवायला माझ्याइतकं हक्काचं कोण आहे?"

 तात्यांनी दोर उचलून माझ्या हातात दिला.

हिंदमाता चौकाजवळ चाक खड्ड्यात अडलं. आपल्या शेजारच्या शांताकाकू फुटपाथवरून पाहत होत्या. नवरा गेल्यापासून त्याही तुझ्यासारख्या लांबच.

"काकू, या. जोर कमी पडतोय."

"मी? मी कशी येऊ गं?"

"चालत या."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पदर खोचला आणि आल्या.  एका बाईने सरकून त्यांना जागा करून दिली. चाक खड्ड्यातून निघालं तेव्हा काकू रडत होत्या, आणि ओढतही होत्या.

चाळ आता पाडायला काढलीय. माणसं इथेतिथे पांगलीत. पण पुढच्या आषाढात, रथ निघायच्या आधी, मी लांबूनच हात जोडणाऱ्या प्रत्येकीच्या दारात जाणार आहे. तुला खाली आणता आलं नाही. त्यांना आणीन.

तुझीच,
सुजाता