क्वाबेनाची काळी पातेली

नेपरव्हिल, ६ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला की नेत्रा तो स्पीकरवर टाकते. सुनेच्या चहाड्या अशा घरभर ऐकवता येत नाहीत, म्हणून हे पत्र.

आमचे शेजारी क्वाबेना, मूळचे घानाचे. मोठे कलाकार आहेत म्हणे. कला कसली, गॅरेजमध्ये जळकी पातेली तारेत ओवून भिंतभर टांगली आहेत! शिकागोत त्यांचं प्रदर्शन भरणार आहे. ते बाहेरगावी गेले होते आणि झाडांना पाणी घालायला किल्ली आमच्याकडे होती. ती पातेली बघून मला राहवेना. बिचाऱ्याला घासून द्यायला कुणी नाही. लिंबू, मीठ आणि तारेची घासणी घेऊन बसले. ताई, आता त्यात तोंड दिसतं!

नेत्राच्या हातचं खाऊन माझ्या सिद्धेशचं वजन वाढलंय. तुझ्या अतुलला आशीर्वाद. माया पातळ करू नकोस.

तुझी,
शैला

ता. क. पाकीट चिकटवण्याआधीच क्वाबेना आले. ओरडले असते तर बरं झालं असतं गं. एक पातेलं मांडीवर घेऊन पायरीवर नुसते बसून राहिले. तो काळेपणा हीच त्यांची कला होती. आणि ते पातेलं त्यांच्या आईचं, अकोसुआबाईंचं. त्या आता नाहीत. त्यांच्या चुलीचा धूर तेवढा उरला होता, तो मी लिंबाने काढला. नेत्रा बोलत नाही. काय करू?

डब्लिन, ११ ऑक्टोबर

चि. शैलास,
अ. उ. आ.

हसू की कपाळ बडवून घेऊ? तू इकडे यायच्या आधी अतुलच्या भिंतीवरची चित्रं काढून ठेवते.

उन्हाळ्यात नेत्राने आपल्या दोघींच्या आईच्या तव्याला जरा साबण लावला, तर तू आठवडाभर अबोला धरलास. त्या काळ्या थरात आईच्या भाकऱ्या आहेत म्हणून माझ्याकडे रडलीस. मग दुसऱ्याच्या आईचं पातेलं घासताना हे आठवलं कसं नाही? तवा खरं तर थोरलीच्या वाट्याचा होता, पण तो विषय आज काढत नाही. आधी दोघांची माफी माग.

रागावले असले तरी तुझीच,
शरयूताई

नेपरव्हिल, २८ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माफी मागितली. नेत्रा हसली आणि मदतीलाच आली. पातेली पुन्हा काळी करायला क्वाबेना, नेत्रा आणि मी, तिघांनी अंगणात भात करपवला. जन्मात कधी दूध उतू जाऊ दिलं नाही, ती मी मुद्दाम भात जाळत होते! धूर बघून कुणीतरी आगीचा बंब बोलावला. सिद्धेश अजून शेजाऱ्यांना तोंड दाखवत नाही.

पण अकोसुआबाईंचं पातेलं काही तसं होईना. त्यांचा धूर मी कुठून आणू? शेवटी आपल्या आईचा तवा क्वाबेनांच्या हातात दिला. तुला न विचारता दिला, राग मानू नकोस. त्यांनी तो प्रदर्शनात मधोमध लावला, त्या चकचकीत पातेल्याला खेटून. खाली दोनच नावं आहेत, अकोसुआ आणि कृष्णाबाई. आपल्या आईचं नाव शिकागोत वाचून मी सगळ्यांदेखत रडले.

मग तव्यावर धूळ दिसली. मी रुमाल काढला तसा पहारेकरी धावला. क्वाबेनांनी त्याला थांबवलं, म्हणाले, त्यांच्या आईचा आहे, पुसू दे.

मीच रुमाल पर्समध्ये परत ठेवला.

तू लवकर बघायला ये. लोभ आहे तसाच राहू दे, घासू नकोस.

तुझी,
शैला