पेटीने जिंकलेले चार डाव

रविवार, ता. ४

चि. चिमणीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

आधी वहिनी आत आली, हाश्शहुश्श करत. तिच्यामागून आमचा दादा, हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. मला वाटलं माझं घड्याळ आणलं. उभा जन्म लोकांची घड्याळं दुरुस्त केली त्याने, बहिणीचं तेवढं राहिलंय! पण निघाला त्याचा बुद्धिबळाचा पट. म्हणाला, तुझ्याकडेच ठेव, लागोपाठ चार डाव हरलो, माझं डोकं आता चालत नाही. वहिनी म्हणाली, डॉक्टरलाही दाखवलं. सकाळी उठून स्वतःलाच पाढे म्हणून दाखवतात.

चिमणे, पट मी ठेवून घेतला, पण खरं काय ते ऐक. आम्ही भावंडं रोज फोनवर पाच-सहा खेळ्या खेळतो हे तुला ठाऊक. चाळीस वर्षांत मी एकदाही जिंकले नव्हते. तू जाताना कॉम्प्युटरवर बुद्धिबळ घालून दिलंस, शिकायला. शिकतेही मी, गळ्याशप्पथ! सगळ्यात सोप्या पायरीवर त्या पेटीला दोनदा हरवलं, तेव्हा एकटीच टाळ्या वाजवत बसले. पण एकदा दादाशी खेळताना घोडा अडकला. म्हटलं, पेटीला विचारू तरी. एकदाच. मग चारही डाव तीच खेळली आणि कौतुक माझं झालं.

आता त्याला कोणत्या तोंडाने सांगू? फोनवर रडू येईल म्हणून लिहिलं. अक्षर लावून वाच.

तुझी आजी


शुक्रवार, ता. ९

ती. आजीस शि. सा. न.

लबाड म्हातारे, रागावू की हसू? पेटीतलं खातं माझंच आहे, तुझे डाव मला इथूनही दिसतात. तू पेटीला सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवलं होतंस. आमच्या क्लबातला पहिला नंबरवाला तिथे तिसाव्या खेळीला गार होतो. दादाआजोबा शेवटच्या डावात बावन्न खेळ्या टिकले! त्यांचं डोकं ठणठणीत आहे, फिरलंय ते तुझं.

त्या डावाचा कागद सोबत पाठवते. त्यांच्यापुढे ठेव आणि स्वतःच्या तोंडाने सांग. मी मध्ये पडणार नाही.

रागावलेली, पण तुझीच,
चिमणी


सोमवार, ता. १९

चि. चिमणीस आशीर्वाद.

काल दोघांना बोलावलं. चहा ठेवायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, नाहीतर धीर गेला असता. वहिनी कडाडली, महिनाभर हा माणूस कुलूप लावलं का ते तीनतीनदा बघतोय, आणि तू खुशाल जिंकत होतीस! मी मान खाली घातली. खोटं काय होतं त्यात?

दादाने तुझा कागद घेतला, डोळ्याला घड्याळाचं भिंग लावलं आणि पटावर तो डाव पहिल्यापासून मांडत गेला. एकेचाळिसाव्या खेळीला थांबून स्वतःशीच पुटपुटला, इथे उंट हलवायला हवा होता. अगं, पेटीनेही तेच दाखवलं होतं! मला इतका आनंद झाला की मी हसले. मग आठवलं, आज आपण हसायचं नाही.

दंड ठरलाय. पेटी बंद, आणि चार डाव मी वजिराविना खेळायचे. चार म्हणजे कमीच म्हणेन मी. दादा पांढरा वजीर खिशात घालून गेला, पट इथेच आहे.

म्हातारी चुकली, तरी माया पातळ करू नकोस.

तुझी आजी

ता. क. वहिनी अजून घुश्शातच आहे. पण चपला घालताना, माझ्याकडे न बघता, तिनेच सांगितलं : गुरुवारी येतो.