जितके तुकडे तितक्या पट्ट्या

सोमवार, ३ मार्च

लालासाहेब सर! माण तालुक्यातल्या आमच्या शाळेचे इंग्रजीचे सर, आज सांगलीत माझ्या टेबलासमोर. अर्धांगवायूला तीन आठवडे झाले. सगळं समजतं, बोलता येत नाही — तोंडातून नुसतं 'त... त...'. मला ओळखलं नाही. बरोबर बायको, चंद्राबाई. "म्याडम, तुमीच आता बोलतं करा यास्नी."

गेलेली वाचा परत आणणं हेच माझं काम. "करते," म्हणाले.

मंगळवार, ४ मार्च

सातवीत ते फळ्यावर इंग्रजी शब्द लिहायचे. मध्ये आडव्या रेघा मारून तुकडे पाडायचे. एकेक तुकडा म्हणायचा, मग अर्थ. चुकलं की जितके तुकडे तितक्या पट्ट्या. एन्-व्हाय-रन्-मेंट. मला चार. वर — "आधी बापाला सही शिकीव, मग इंग्रजी बोल!" वर्ग हसला. बाबा तेव्हा मुंबईत हमाली करायचे.

अजून तो शब्द दिसला की माझी मूठ मिटते.

गुरुवार, ६ मार्च

नियम असा: सुरुवात मातृभाषेतल्या लहान, रोजच्या शब्दांनी. पाणी. चहा. घर. पहिल्या तीन महिन्यांत येतं तेवढं नंतर येत नाही.

नियम मला पाठ आहेत. कार्डावर लिहिलं — रि-स्पॉन्-सि-बि-लि-टी. दार उघडंच ठेवलं. बाहेर बाकावर आठ जण.

"म्हणा, सर. मग अर्थ."

अर्थ डोळ्यांत होता. तोंडात येत नव्हता. दीड मिनिट थांबले. घड्याळ लावून.

सोमवार, १० मार्च

शून्य शब्द. ठरवल्याप्रमाणे.

सोमवार, १७ मार्च

ह्यु-मि-लि-ए-शन. त्यांचा शर्ट घामानं भिजला. बाहेर कोणीतरी हसलं. अर्थ मीच सांगितला — अपमान!

घरी येऊन एक भाकरी जास्त खाल्ली.

गुरुवार, २० मार्च

चंद्राबाई दारात — "आवं म्याडम, इंग्रजी कशाला? संडासला लागलं तर सांगता आलं म्हंजी झालं."

"सर इंग्रजीचे. ओळखीचे शब्द लवकर येतात." खोटं.

"व्हय. तुमी शिकलेल्या. तुमास्नी कळतंय."

तिच्याकडे बघायचं टाळलं. तिचा यात संबंध नाही.

गुरुवार, २७ मार्च

आज सांगितलं. चंद्राबाई औषध आणायला गेली तेव्हा. "मी क्रांती. सातवी ब, शेवटचा बाक." कार्ड पुढे केलं — एन्-व्हाय-रन्-मेंट. शेजारी पट्टी ठेवली. मारणार नव्हते. नुसती ठेवली.

सरांनी कार्डाकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं. मग डावा हात — चालतो तेवढा एकच — उघडून पुढे केला.

मी पट्टी उचलली नाही. कार्डही उचललं नाही. अर्धा तास तसंच बसवून ठेवलं.

गुरुवार, ३ एप्रिल

चंद्राबाईचा फोन. रडत होती, हसत होती. "म्याडम, बोलले! तुमच्याकडं निघायचं म्हणून चपला पुढं सारल्या, तर सपष्ट म्हणाले — नको! दोनदा! लय उपकार झाले बगा तुमचे. आता फुडचा शब्द कवा शिकिवताय?"