फळी मधेच लागेल

पिपरी मेघे, वर्धा
१० नोव्हेंबर २०२४

चि. सुनीतीस,
अनेक आशीर्वाद.

लकव्याने उजवा हात गेला तेव्हापासून डॉक्टर म्हणतात, डाव्या हाताने रोज लिहा. म्हणून फोन असूनही तुला हे कोंबडीचे पाय वाचावे लागणार. इलाज नाही.

आमच्या क्लबची छोटी रेल्वे तुला ठाऊक आहेच. प्रत्येकाने आपापली फळी घरी करायची. वर रूळ, झाडं, स्टेशन, जे हवं ते. टोकांचं माप मात्र सगळ्यांचं एकच, म्हणजे कुणाचीही फळी कुणालाही जोडता येते आणि गाडी सलग धावते. मी पुलगाव-आर्वीच्या जुन्या छोट्या लाइनसारखं, कडुनिंबाखालचं एक स्टेशन केलंय.

गेल्या रविवारी पुढच्या महिन्यातल्या प्रदर्शनाची चाचणी झाली. माझी फळी जोडली आणि अख्खी लाइनच बंद पडली. फळी उलटी ठेवून खालून तारा जोडताना मी डावं-उजवं अदलाबदल करून बसलो होतो. कुणी रागावलं नाही. आमचा सेक्रेटरी रूपराव म्हणाला, की सर, टेन्शन नका घेऊ, प्रदर्शनात तुमची फळी शेवटी लावू, तिथवर गाडी नाई गेली तरी चालते.

हेच मला नको आहे. आजारपणापासून माझ्यावाचून कुणाचं काहीच अडत नाही, सुनीती. भाजी वेदश्री आणते, बँकेत जावई जातो. माझी फळी मधेच लागेल, नाहीतर लागणार नाही.

लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझा,
अच्युतदादा

---

समुद्रपूर
१९ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

लहानपणी माझ्या अक्षरावरून माझे कान पिळणाऱ्याचं हे अक्षर पाहून फार बरं वाटलं! मजकूर वाचून मात्र काळजी वाटली. वेदश्री सांगत होती, तारांना कथलाचा डाग देताना बोट भाजून घेतलंस.

इकडे कापूस वेचणी जोरात आहे, त्यामुळे मला प्रदर्शनाला यायला जमणार नाही. वेचणीला येणाऱ्या शकुबाईला तुझं सांगितलं, तर ती म्हणाली, की म्हाताऱ्या माणसाले काऊन तरास करून राह्यले, आरामात बसू द्या ना त्याले. मीही तेच म्हणते. भर गर्दीत तुझ्या फळीवर गाडी अडली तर तुझ्या मनाला किती लागेल? ऐकणार नाहीस, माहीत आहे.

माया असू दे.
तुझी,
सुनीती

---

पिपरी मेघे, वर्धा
९ डिसेंबर २०२४

चि. सुनीतीस,
अनेक आशीर्वाद.

भांडून फळी मधे लावून घेतली. सगळ्या तारा उपटून नव्याने जोडल्या, या वेळी फळी उभी धरून. रूपरावला बजावलं, की बिघडली तर मीच दुरुस्त करीन, तू हात लावायचा नाहीस.

आणि काल बिघडलीच. प्रदर्शनाला ही गर्दी! गाडी माझ्या कडुनिंबाखाली आली आणि मुकाट उभी राहिली. पोरांनी कालवा केला. पलीकडून रूपराव ओरडला, की सर, काय करून राह्यले, लवकर करा ना, सारे खोळंबले! मी टेबलाखाली शिरलो. एका तारेचा डाग सुटला होता. डाव्या हाताने नवा दिला, जरा ओबडधोबडच झाला. गाडी निघाली.

घरी येताना वेदश्रीने विचारलं, की सगळ्यांसमोर रूपराव असं ओरडले, वाईट वाटलं का. तुलाही तेच वाटेल म्हणून लिहितो. लकवा झाल्यापासून जो तो मला सावकाश, सावकाश म्हणतो. काल पहिल्यांदा कुणीतरी मला घाई केली. इतका आनंद झाला, की टेबलाखालीच डोळे पुसले आणि मग बाहेर आलो.

लोभ ठेव, काळजी थोडी कमी कर.
तुझा,
अच्युतदादा